चिखल वर आल्यानंतरची दहा मिनिटं

गोव्यासमोर किनाऱ्यापासून साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंत समुद्राचा तळ बहुतांशी चिखलाचा आहे. हिरवट-करडा, बोटांना लोण्यासारखा लागणारा. त्यापलीकडे तो पातळ होत जातो आणि शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली जुनी, जाड वाळू लागते. सागरी भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना किनारी संशोधन जहाजावर दोन दिवस नेतात ते हा बदल आपल्या हाताने उपसून पाहायला. उपसणं तसं सोपं. तो चिखल नेमका कुठून आला, त्याची वरची बाजू कुठली, वाटेत तो किती ढवळला, हे टिकवणं अवघड. बऱ्याचदा ग्रॅब, म्हणजे तळाचा चिखल जबड्यांत धरून उचलणारं यंत्र, डेकवर टेकल्यानंतरच्या दहा मिनिटांतच ते टिकतं किंवा हातचं जातं.

तयारी आदल्या दिवशी, जमिनीवर. दहा स्टेशनं, म्हणजे नमुना घ्यायच्या ठरवलेल्या जागा, आणि प्रत्येकी चार उपनमुने धरले तर चाळीस; दुहेरी पिशवी म्हणजे ऐंशी; वर वीस जादा. शंभर झिपलॉक पिशव्या कमी पडत नाहीत. नावं घालायचं काम जहाजावर ठेवू नये, कारण ओल्या पिशवीवर मार्कर चालत नाही आणि चिखलाच्या हाताने लिहिलेला ३ नंतर ८ दिसतो. बाहेरच्या पिशवीवर पर्मनंट मार्कर. तो अल्कोहोलचा हात लागला की साफ पुसला जातो, आणि फोरामिनिफेराच्या, म्हणजे कवचधारी सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या, नमुन्यांमुळे अल्कोहोल तर डेकवर असतंच. म्हणून दोन पिशव्यांच्या मध्ये ट्रेसिंग पेपरची चिठ्ठी, तीही पेन्सिलने. पेन्सिल पाण्याने जात नाही, अल्कोहोलनेही जात नाही. चिठ्ठी आतल्या पिशवीत चिखलालाच चिकटवली तर कागदाचा लगदा होऊन तो नमुन्यात मिसळतो, आणि सेंद्रिय कार्बन मोजणाऱ्याला तो कागदही मोजावा लागतो.

निघायचं पहाटे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी पाटासारखं सपाट. दुपारी बाराच्या पुढे खारे वारे सुरू होतात आणि दोनपर्यंत छोट्या जहाजाला चांगलंच हलवतात. म्हणून ज्याला स्थिरता लागते ते कोअरिंग, म्हणजे नळी खुपसून चिखलाचा उभा दंड काढणं, सकाळी, आणि ग्रॅब दुपारी. हे वेळापत्रक नियोजनाच्या कागदावर नेहमी उलटं असतं, कारण कागद करणारा स्टेशनं किनाऱ्यापासून क्रमाने मांडतो.

उलटीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गोळी बंदर सोडण्याआधी घ्यायची. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. गोळीने झोप येते, म्हणून गोळी घेतलेल्याला विंचजवळ, म्हणजे वायर गुंडाळणाऱ्या यंत्राजवळ, उभं करू नये. उपाशी पोटाने जास्त त्रास होतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे ड्राय लॅबमधली एको साउंडरच्या, म्हणजे ध्वनीने खोली काढणाऱ्या यंत्राच्या, पडद्यासमोरची खुर्ची. तिथे अर्ध्या तासाने माणूस बदलायचा.

पहिली खरी गडबड आकड्यांत होते. जीपीएस अंश आणि दशांश-मिनिटं दाखवतो. विद्यार्थी शाळेतल्या सवयीने अंश-मिनिटं-सेकंद लिहितात. १५ अंश २७.५० मिनिटं हे कुणी १५ अंश २७ मिनिटं ५० सेकंद असं उतरवलं, की स्टेशन एक तृतीयांश मिनिट, म्हणजे सुमारे ६१७ मीटर उत्तरेला सरकलं. समोर उघडा समुद्र, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. नकाशावर स्टेशनं एका रेषेत येत नाहीत तेव्हा कळते, आणि तोवर जहाज बंदराला लागलेलं असतं. वेळेचंही तसंच. यंत्रं जागतिक वेळ नोंदवतात, माणसं घड्याळातली. पहाटे साडेचारची नोंद यंत्रात आदल्या दिवशीच्या रात्री अकराची होते. भरतीची दुरुस्ती त्या वेळेवरूनच करायची असल्याने वहीत पहिल्याच पानावर कोणती वेळ लिहितो आहोत ते मोठ्या अक्षरांत हवं. मुरगावला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या वर जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो निम्म्यावर येतो. ६ मीटर खोलीच्या स्टेशनवर दोन मीटर ही चूक लपत नाही.

एको साउंडर खोली मोजत नाही. तो वेळ मोजतो आणि ध्वनीच्या वेगाने गुणतो. यंत्रात बहुतेक वेळा १,५०० मीटर प्रतिसेकंद हा वेग ठेवलेला असतो. गोव्याचं पाणी २८ अंशांचं आणि ३५ क्षारतेचं असेल तर खरा वेग १,५४० च्या आसपास. ५० मीटरवर हा फरक सव्वा मीटरहून जास्त भरतो, आणि यंत्राची खोली कमी पडते. म्हणून आधी सीटीडी हे मापनयंत्र पाण्यात सोडून तापमान आणि क्षारता घ्यायची, मग वेग भरायचा. ध्वनी सोडणारा आणि पकडणारा ट्रान्सड्यूसर जहाजाच्या पोटाला, पाण्याच्या पातळीखाली असतो. तो किती खाली आहे ते मिळवायला विसरणं ही दुसरी नेहमीची चूक. डिझेल आणि गोडं पाणी संपेल तसं जहाज वर उचललं जातं, तेव्हा तोही आकडा दोन दिवस तोच राहत नाही.

दोन फ्रिक्वेन्सी एकदम चालवल्या की नदीमुखाजवळ गंमत दिसते. २१० किलोहर्ट्‌झची रेघ वरच्या सैल गाळावरूनच परतते, ३३ ची त्यातून खाली जाऊन घट्ट थरावर आपटते. दोन रेघांत अर्धा मीटर अंतर दिसलं की यंत्र बिघडलं असं समजू नये. मधला थर दह्यासारखा पातळ आहे. ग्रॅब तिथे कसा वागेल याची ही आगाऊ सूचना. तळाखालचे थर दाखवणारा सब-बॉटम प्रोफायलर चालू असेल तर आतल्या शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर, आणखी एक दृश्य हमखास दिसतं. तळाखालचे थर छान समांतर चाललेले असतात आणि अचानक कुणी काळी गोधडी पांघरावी तसे दिसेनासे होतात. चिखलात कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून मिथेन तयार झालेला असतो. त्याच्या बुडबुड्यांत ध्वनी विखुरतो, शोषला जातो, खाली पोचतच नाही. नवखा माणूस गेन, म्हणजे परत आलेल्या ध्वनीचं वर्धन, वाढवत बसतो. त्याने फक्त पडदा आणखी काळा होतो.

आता ग्रॅब. जहाजावर सहसा व्हॅन व्हीनचा ग्रॅब असतो. योहान व्हॅन व्हीन या डच अभियंत्याने १९३० च्या दशकात केलेला हा साधा नमुना. दोन जबडे, त्यांना कात्रीसारखे दोन लांब दांडे, दांड्यांना साखळ्या, आणि जबडे उघडे धरणारा एक आकडा. ०.१ चौरस मीटर तळ उचलणारा ग्रॅब रिकामाच तीस-चाळीस किलोंचा असतो. वायर ताणलेली आहे तोवर आकडा जागेवर राहतो. तळाला टेकला की वायर सैल पडते, आकडा आपल्या वजनाने निसटतो, आणि वर ओढायला लागलं की साखळ्या दांड्यांना खेचून जबडे मिटवतात. म्हणजे ग्रॅब मिटतो तो वर ओढताना, आदळताना नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या फसलेल्या फेऱ्यांचं कारण आपोआप कळतं.

उघडा ग्रॅब हे जहाजावरचं सगळ्यात धोक्याचं यंत्र. सेफ्टी पिन तो कठड्याबाहेर गेल्यावरच काढायची, जबड्यात हात घालून आकडा कधीही नीट करायचा नाही. हेल्मेट, लाइफ जॅकेट, लोखंडी टोपणाचे बूट. टांगलेल्या वजनाखाली आणि दोरीच्या वेटोळ्यात पाय नको. विंचवाल्याला खूण एकाच माणसाने करायची. खलाशांच्या बोलीत ‘आरिया’ म्हणजे सोड खाली आणि ‘हबेस’ म्हणजे ओढ वर. ते शब्द पहिल्या तासातच शिकून घ्यावेत. चार विद्यार्थी एकदम ‘स्टॉप’ ओरडले तर विंचवाला कुणाचंच ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सोडताना सेकंदाला सुमारे एक मीटर, शेवटचे पाच मीटर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने. वेगाने सोडला तर पुढे ढकललेल्या पाण्याची लाट तळाचा वरचा सैल थर उडवून देते, आणि नेमका तोच थर आपल्याला हवा असतो. फार हळू सोडला आणि जहाज डुलत असेल तर वायर मधेच सैल पडते, आकडा सुटतो, ग्रॅब पाण्यातच मिटतो आणि स्वच्छ धुतलेला वर येतो. टेकला हे कठीण तळावर वायरच्या सैल पडण्याने लगेच कळतं. मऊ चिखलात ती हळूच ढिली होते, हात वायरजवळ असलेल्या सारंगाला आधी कळते. टेकल्यावर पहिले दोन-तीन मीटर अगदी सावकाश ओढायचे. घाई केली की जबडे मिटायच्या आत ग्रॅब उचलला जातो.

स्थान नोंदवायचं ते टेकण्याच्या क्षणाचं. एक नॉटच्या प्रवाहात जहाज पाच मिनिटांत दीडशे मीटर वाहतं. जीपीएसचा अँटेना ब्रिजच्या वर, ग्रॅब मागच्या ए-फ्रेमवर, म्हणजे वजन टांगायच्या कमानीवर. चाळीसेक मीटरच्या जहाजात हे अंतर वीस-पंचवीस मीटर भरतं, तेही वहीत लिहायचं. आणि वायर तिरपी गेली असेल तर सोडलेल्या वायरची लांबी म्हणजे खोली नव्हे. ३० अंश कललेली ६० मीटर वायर फक्त ५२ मीटर खोल जाते.

ग्रॅब वर आला. इथून ती दहा मिनिटं. लगेच उघडायचा नाही. आधी वरच्या झडपांतून आत बघायचं. चिखलावर दोन-तीन बोटं पाणी आहे आणि ते नितळ आहे, तर पृष्ठभाग शाबूत. पाणी गढूळ असेल किंवा जबड्याच्या फटीतून गळत असेल तर वरचा थर गेला. चिखल झडपांना चिकटून बाहेर आला असेल तर ग्रॅब जास्तच बुडाला. वजनं काढून पुन्हा सोडायचा. फटीत शिंपला अडकला असेल तर तो काढून पुन्हा. चांगला असेल तर वरचं पाणी बारीक नळीने शोषून काढायचं; ग्रॅब तिरपा करून ओतलं की त्याच्याबरोबर भुरकट साय वाहून जाते.

ती साय बघण्यासारखी असते. वरचे काही मिलीमीटर तपकिरी, कारण तिथे ऑक्सिजन पोचतो. खाली हिरवट-काळा चिखल, त्यात किड्यांची बोटभर बिळं, बिळांच्या भिंतीही तपकिरी. तपकिरी कड बिळाबरोबर खाली उतरलेली दिसते, जणू कुणी चिखलात पेन्सिलीने रेघा ओढल्यात. पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा थर जवळजवळ नसतोच. तेव्हा आतल्या शेल्फवर खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपत आलेला असतो आणि चिखलाला कुजक्या अंड्यांचा दर्प येतो. कांदोळीसमोर सुमारे २८ मीटर खोलीवरच्या एका ठरावीक जागी राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था १९९७ पासून पाण्याची नियमित मोजणी करत आली आहे. हा ऋतुचक्राचा ओघ त्यातून नीट दिसतो. वास आला की ‘काळा, हायड्रोजन सल्फाइडचा वास’ असं तिथल्या तिथे लिहायचं. रंगही ओला असतानाच मन्सेल तक्त्याशी जुळवायचा, सावलीत. दोन तासांत हवेने सगळा चिखल सारखाच करडा होतो आणि वास उडून जातो.

मग उपनमुने. धातूंसाठी प्लॅस्टिकचा चमचा, ग्रॅबच्या मधोमध, लोखंडाला टेकलेला भाग सोडून, वरचा एक सेंटीमीटर. फोरामिनिफेरासाठीही वरचा एक सेंटीमीटर, पण मोजलेल्या आकारमानाचा. त्यात लगेच तेवढंच रोझ बेंगॉल हा रंग घातलेलं अल्कोहोल, लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात. घेतला तेव्हा जिवंत असलेल्यांचं जीवद्रव्य गुलाबी होतं; दोन आठवडे तरी तसंच ठेवावं लागतं. कणांच्या आकारासाठी दोनशे-तीनशे ग्रॅम पुरतात. सेंद्रिय कार्बनचा नमुना बर्फात.

मांडवी-झुआरीच्या मुखाजवळ एक खास घोळ होतो. या दोन नद्यांतून अनेक दशकं लोहखनिजाचे बार्ज ये-जा करत होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ती वर्दळ थांबली. इथल्या गाळात लालसर कण आणि चुंबकाला चिकटणारे काळे कण सापडतात, म्हणून विद्यार्थी पिशवीत गुंडाळलेलं चुंबक घेऊन बसतात. पण जहाज लोखंडाचं असतं. विंचच्या ड्रमवरून, ए-फ्रेमवरून, ग्रॅबच्या बिजागरीवरून गंजाच्या खपल्या सतत झडतात. त्या चुंबकाला चिकटतात, लालसर दिसतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजाच्या कणासारख्या भासतात. फरक कडांत असतो. खपली पातळ, पापुद्र्यासारखी, नखाने दाबली तर मोडणारी. नदीतून आलेला कण गोलसर. त्यातून वायरला लावलेलं ग्रीसही ठिपकतं. उपाय साधे आहेत. ग्रॅब घेण्याआधी डेक धुवायचा, ट्रेखाली स्वच्छ ताडपत्री, आणि एक पिशवी मुद्दाम गंज व ग्रीसची भरून ‘जहाज’ असं नाव देऊन सोबत न्यायची. पुढे शंका आली की तुलना करायला.

ग्रॅबने आजचा तळ मिळतो, कालचा हवा असेल तर कोअर. छोट्या जहाजावर ग्रॅव्हिटी कोअरर असतो. वर शिशाची वजनं, खाली तीनेक मीटरची लोखंडी नळी, तिच्यात पारदर्शक पीव्हीसी लायनर, टोकाला धारदार कटर आणि आत पाकळ्यांसारख्या पात्यांचा कोअर-कॅचर. चिखल आत शिरताना पाती वाकतात, बाहेर निघताना मिटतात. वाळूत पाती मिटूनही फटींतून वाळू गळून जाते. कॅचरच्या आत पातळ प्लॅस्टिकची पिशवी बाहीसारखी बसवली तर थोडीफार वाचते.

नळी वर आली की आधी बाहेरून बघायची. बाहेर चिखल समजा २.१० मीटरपर्यंत माखलाय आणि लायनरमध्ये फक्त १.६५ मीटर मिळाला. म्हणजे ७९ टक्के. उरलेला हरवला असं नसतं. भिंतीच्या घर्षणाने चिखल आत जाताना दबतो किंवा मधूनमधून बाजूला ढकलला जातो. दोन्ही आकडे लिहिल्याशिवाय पुढे ‘१ मीटर खोलीवर’ या शब्दांना अर्थ राहत नाही. लिहायच्या आत कुणीतरी होज घेऊन नळी धुतोच. त्याला तेवढी दोन मिनिटं अडवून धरायचं काम एका माणसाला नेमूनच द्यावं.

लायनर उभा ठेवायचा. आडवा केला की वरचं पाणी पृष्ठभागावरून वाहतं आणि वरचे चार-पाच सेंटीमीटर खिरीसारखे होतात. जिथे वर्षाला २ मिलीमीटर गाळ साचतो तिथे पाच सेंटीमीटर म्हणजे पंचवीस वर्षं. शिसे-२१० या किरणोत्सारी शिशाने वय काढायचं असेल तर हे महागात पडतं, कारण त्याचा अर्धायुकाल २२ वर्षांचा आणि त्याची पोच शे-सव्वाशे वर्षांपर्यंतच. त्यातली पंचवीस डेकवर सांडलेली. चिखलाच्या जरा वर लायनरला बारीक भोक पाडून पाणी गळू द्यायचं, उरलेल्या पोकळीत फुलांचे गुच्छ करणाऱ्यांकडे मिळतो तो हिरवा फोम कापून बसवायचा, वर टोपी, टोपीवर टेप. बाण वरच्या दिशेला, दोन ठिकाणी ‘वर’ आणि ‘खाली’. कॅचरमधला गोळा वेगळ्या पिशवीत. तो सगळ्यात जुना. काप पुढे दोन-दोन सेंटीमीटरचे, आणि प्रत्येक कापाची कड काही मिलीमीटर काढून टाकायची, कारण वरचा नवा चिखल लायनरच्या भिंतीला घासत खाली ओढला गेलेला असतो.

साठ मीटरच्या पुढे आवाजच बदलतो. ग्रॅब ट्रेमध्ये रिकामा करताना चिखलाचा थप्प आवाज होतो. इथे खडखड होते. झिजलेले, तपकिरी पडलेले शिंपले, गोल गुळगुळीत चुनखडी कण. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतात. थेंब हातावरच्या चिमूटभर वाळूवर, रबरी हातमोजा घालून. पिशवीत आम्ल गेलं तर कार्बोनेटचं मोजमाप संपलं. ही वाळू आजच्या नद्यांनी इथे आणलेली नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. पुढे पाणी चढत असताना हा भाग कधीतरी उथळ किनारा होता, तेव्हाची ही वाळू आहे. आजचा चिखल इथवर फारसा पोचत नाही. इथे ग्रॅब तीनदा टाकून दोनदा रिकामा येतो, कारण फटीत हमखास काहीतरी अडकतं. ‘नमुना नाही, जबड्यात शिंपला, तळ कठीण’ ही नोंदही स्टेशनच्या क्रमांकासह करायची. कोरी ओळ सोडली तर सहा महिन्यांनी ती विसरलेल्या नोंदीसारखीच दिसते.

बंदरात परतल्यावर नमुने ४ अंशांच्या शीतकपाटात. पुढचं काम कंटाळवाणं. हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय पदार्थ काढणं, ६३ मायक्रॉनच्या चाळणीने वाळू वेगळी करणं, उरलेल्या गाळाचं पिपेटने मोजमाप. ४ मायक्रॉनचे कण दहा सेंटीमीटर खाली बसायला २० अंशांच्या पाण्यात जवळपास १ तास ५६ मिनिटं लागतात आणि पुस्तकांतले तक्ते बहुधा त्याच तापमानाचे असतात. आपल्या प्रयोगशाळेत पाणी २८ अंशांवर असतं. तिथे तेच कण सुमारे १ तास ३६ मिनिटांत बसतात. तक्ता तसाच वापरला तर चिकणमाती कमी भरते. त्याआधीची चूक मिठाची. नमुन्यातलं मीठ दोन-तीनदा धुऊन काढलं नाही तर कॅल्गन हे कण सुटे ठेवणारं रसायन घालूनही बारीक कण गुठळ्या करतात, आणि रात्रभर ठेवलेल्या नळकांड्यात सकाळी वर नितळ पाणी आणि तळाशी कापसासारखा थर दिसतो. तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठीच पिशवीतला निम्मा नमुना न वापरता बाजूला ठेवलेला असतो.